बाथरूममधला आधारवड

पाठांतराच्या बाबतीत माझं तोंड कोणी धरू शकणार नाही! लोक 'हात धरणे' म्हणतात, पण हे काम हाताचं नाही, तोंडाचं आहे, म्हणून तोंड. एकदा पाठ झालं की झालं! खोकल्याच्या औषधावरच्या सूचना, हमीपत्राच्या अटी, आमच्या लिफ्टमध्ये लावलेले नियम, काहीही सांगा, मी न अडखळता म्हणून दाखवतो. किंबहुना सांगावंही लागत नाही, आणि तीच खरी अडचण आहे, असं आमच्या हिचं मत आहे.

याचं सगळं श्रेय आईला. आई प्राथमिक शाळेत शिकवायची. ती निवृत्त झाली ती शाळेतून, घरातून नाही. लहानपणी मी नुसतं "मला येतं" म्हटलं की ती म्हणायची, "येतं म्हणजे काय? म्हणून दाखव!" तिच्या लेखी वाचणं वेगळं, बोलणं वेगळं आणि म्हणणं वेगळं.

"बातमी सांगतात, थापा मारतात आणि कविता म्हणतात," ती आजही ऐकवते. "म्हणायचं म्हणजे हातात कागद नको, मध्ये अडखळणं नको, आणि पदरचं काही घालायचं नाही. जसं पाठ झालंय तसं, एक अक्षर न गाळता!"

हे शेवटचं वाक्य तेवढं ध्यानात असू द्या. माझा घात त्यानंच केला.

मी विजेचे मीटर तपासणाऱ्या ऑफिसात काम करतो. कोणाचा मीटर पळतो, कोणाचा रेंगाळतो, ते आम्ही टेबलावर लावून बघतो. आमचे साहेब या कामात इतके कडक, की स्वतःच्या घरचा मीटर तपासायला आला तेव्हा ते उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले होते. "ज्याचा मीटर त्यानं तपासायचा नसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "कागद खाली ठेवा!" आठवड्याच्या बैठकीत कोणी कागद बघून बोललेलं त्यांना खपत नाही. स्वतःच्या कामाबद्दल सांगायला कागद कशाला लागतो, हा त्यांचा सवाल. त्यामुळे बैठकीच्या आधी अख्खा विभाग जिन्यात उभा राहून घोकत असतो.

असे हे साहेब निवृत्त व्हायला आले. निरोप समारंभ ठरला. साहेब आधी नकोच म्हणत होते, मग कसेबसे तयार झाले. प्रश्न आला भाषणाचा. आमच्याकडे एक सहकारी आहेत, त्यांना आम्ही टेबलफॅन म्हणतो. बोलताना त्यांची मान डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सारखी फिरत असते, आणि ऑफिसातली प्रत्येक बातमी ते दोन्ही बाजूंना सारखी वाटतात.

"भाषण तर हवंच," टेबलफॅन म्हणाले, "पण कागद न बघता करणार कोण?"

"मी!" मी म्हणालो.

"लिहिणार कोण?"

"तेही मीच! चार अंघोळींत पाठ करून टाकतो."

"अंघोळींत?"

त्यांची मान मध्येच थांबली. आता यांना काय सांगायचं! पाठांतराला बाथरूमसारखी जागा नाही. आवाज घुमतो, कोणी मध्ये येत नाही, आणि हात साबणात गुंतलेले असले की तोंड मोकळं राहतं. मी आजवर जे जे पाठ केलं ते अंगावर पाणी घेतच केलं आहे.

भाषण लिहायला मला फारसा वेळ लागला नाही. आजवर ऐकलेली निरोपाची सगळी भाषणं मला पाठ. त्यांतली भरदार वाक्यं उचलली आणि एकापुढे एक मांडली. आधारवड आला, सौजन्याची मूर्ती आली, शेवटी पोकळीही आली. भाषण कसं भरलेलं वाटायला लागलं!

घोळ झाला तो पाठ करताना. कौतुकाची वाक्यं एकाच ताग्यातून शिवलेल्या गणवेशांसारखी असतात. आधी मूर्ती की आधी आधारवड? कुटुंब आधी की सांभाळून घेणं आधी? काहीही कुठेही बसत होतं. पहिल्या दिवशी मी तिसऱ्याच वाक्यात पोकळी निर्माण करून बसलो!

पण हार मानेन तो मी कसला! मी एक युक्ती काढली. प्रत्येक वाक्याला एक खुंटी ठोकायची. खुंटी म्हणजे काय, तर त्या वाक्यावरून आठवणारी, खरीखुरी घडलेली गोष्ट. वाक्य म्हणायचं, लगेच मागून खुंटी म्हणायची, की खुंटीला धरून पुढचं वाक्य आपोआप येतं. आता साहेबांच्या बाबतीत खऱ्या गोष्टींना काय तोटा!

"साहेब म्हणजे आमच्या विभागाचा आधारवड!" मी डोक्यावर तांब्या ओतत म्हणायचो. "वडाखाली सावली तरी मिळते! इथे एकच पंखा, तोही यांच्या डोक्यावर!"

डोक्यावरून आठवायची मान. "साहेब सौजन्याची मूर्ती आहेत! मूर्तीच! नमस्कार केला तर मानसुद्धा हलत नाही!"

"हाताखालच्या माणसांना त्यांनी कुटुंबातलंच मानलं! म्हणूनच कपाटाचं दार उघडून त्याच्या आड एकटे बिस्किटं खातात!"

"चुकलेल्याला त्यांनी नेहमी सांभाळून घेतलं! माझा मीटर उलटा लागला तेव्हा सगळ्या विभागाला बोलावून दाखवला!"

"त्यांच्या जाण्यानं फार मोठी पोकळी निर्माण होईल! होईलच! पंख्याखाली!"

काय सांगू, भाषण असं पक्कं बसलं की झोपेतून उठवून विचारावं! समारंभात खुंट्या मनातल्या मनात म्हणायच्या आणि वाक्यं तेवढी मोठ्यानं, असा माझा बेत होता. सरावाला मात्र सगळं मोठ्यानं. कारण आई बाहेर खुर्ची टाकून ऐकत बसायची. एकदा घाईत मी बिस्किटं गाळली, तर तिनं दारावर थाप मारली.

"मधलं खाल्लंस!"

"अगं, ते समारंभात म्हणायचं नाहीये."

"ते तिथलं तिथे. पाठ म्हणजे पाठ. पहिल्यापासून म्हण!"

मी पहिल्यापासून म्हटलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, जरा हळू म्हणा. साहेब याच बिल्डिंगमध्ये राहतात."

ते खरं होतं. साहेब आमच्याहून दोन मजले वर राहतात. ऑफिसातही डोक्यावर, घरीही डोक्यावर! पण मी हिची समजूत काढली.

"मी नळ चालू ठेवतो. काही ऐकू जात नाही."

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांची बाथरूमं एकावर एक आहेत आणि त्यांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या गुळण्या मला रोज स्वच्छ ऐकू येतात. वरून कोणाचं शिंकणं येतं, कोणाच्या बादलीची कडी वाजते. हे सगळं माझ्या कानावर पडत होतं. पण जसं इतरांचं मला ऐकू येतं तसं माझंही वर-खाली जात असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझं सगळं डोकं पाठांतरात गुंतलं होतं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात विचित्र गोष्टी घडू लागल्या. एका सकाळी साहेबांचं टेबल पंख्याखालून सरकून खिडकीशी गेलेलं होतं. साहेब उन्हात बसले होते, आणि पंख्याच्या वाऱ्यानं आमचे कागद उडत होते!

"काय झालं असेल?" टेबलफॅननी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं. "बदली? चौकशी?"

"डॉक्टरांनी ऊन घ्यायला सांगितलं असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी नमस्कार केला तर साहेबांची मान हलली. चांगली खालपर्यंत जाऊन वर आली! मला वाटलं उचकी लागली असेल. मी घाईघाईनं पाणी नेऊन दिलं. साहेबांनी पाणी घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी घाबरून सरळ जागेवर येऊन बसलो.

मग एकदा मला उठायला उशीर झाला. अंघोळ उरकली, पण भाषण म्हणायला वेळ मिळाला नाही. लिफ्टमध्ये शिरलो आणि नेहमीप्रमाणे दाराशी उभा राहिलो. नियमांची पाटी दारालगतच आहे, आणि ती मनात एकदा म्हटल्याशिवाय मला चैन पडत नाही. मागे साहेब आणि गच्चीवर फेऱ्या मारून खाली निघालेले दातांचे डॉक्टर उभे होते.

"काय," साहेब म्हणाले, "आज अंघोळ नाही वाटतं झाली?"

मी उडालोच! डॉक्टरांनी रुमाल तोंडाला लावला. तोंडाला कसला, मला तो नाकाला लावल्यासारखा वाटला! दिवसभर मी कोणाच्या दोन हातांच्या आत गेलो नाही. टेबलफॅन जवळ आले की मी खिडकीकडे सरकायचो, मी सरकलो की ते आणखी जवळ यायचे. संध्याकाळी घरी जाऊन मी हिच्यासमोर हात वर करून उभा राहिलो.

"वास येतोय का?"

"कसला वास? अहो, तुम्ही बाथरूममधून बाहेर असता कधी?"

तरी मी नवा साबण आणला. चांगला उग्र! आणि दुसऱ्या दिवसापासून जास्तच वेळ अंघोळ करू लागलो. म्हणजे जास्तच वेळ भाषण. लिफ्टमध्ये साहेब प्रसन्न दिसू लागले. मी मनात म्हटलं, साबण लागू पडला!

पण माझ्या भाषणाला मात्र उतरती कळा लागली. पंख्याची खुंटी म्हणायला जावं तर डोळ्यांपुढे उन्हात बसलेले साहेब येत. मूर्तीच्या खुंटीला हात घालावा तर ती मान हलवायची! समारंभाच्या आदल्या दिवशी तर कहर झाला. साहेबांनी कपाटाचं दार उघडलं, बिस्किटांचा पुडा घेऊन सगळ्या टेबलांवरून फिरले, आणि माझ्याकडे येईपर्यंत एकच उरलं म्हणून त्यांनी ते मोडून अर्धं मला दिलं! कोणाला ते खायचं धाडस होईना. मी अर्धं बिस्किट हातात धरून बसलो होतो आणि मला समोर माझं भाषण कोसळताना दिसत होतं.

"आई, घोटाळा झाला," मी घरी येऊन म्हणालो. "खुंट्या निघून यायला लागल्या! साहेब चांगले वागताहेत! नव्या खुंट्या शोधायला हव्यात."

"आता आयत्या वेळी काही बदलायचं नाही," आई म्हणाली. "जे पाठ झालंय तेच म्हणायचं."

मी बाथरूममध्ये जाऊन पुन्हा म्हणून पाहिलं. बिस्किटांपाशी येऊन अडखळलो ते अडखळलोच. 'एकटे खातात' असं म्हणायला तोंडच उघडेना. तोंडात त्या अर्ध्या बिस्किटाची चव होती.

समारंभ आमच्याच तपासणीच्या दालनात होता. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या, आणि भिंतींवरच्या मीटरांचे लाल दिवे लुकलुकत होते. व्यासपीठावर मधोमध साहेब आणि वहिनी, शेजारी मुख्य कचेरीतून आलेले मोठे साहेब. साहेबांनी पहिल्यांदाच कोट घातला होता. बोलावलेल्यांत त्यांचे नातलग कोणी नव्हते. बिल्डिंगमधली मंडळी तेवढी त्यांनी आग्रहानं बोलावली होती. ती सगळी मागच्या दोन रांगांत, त्यांत दातांचे डॉक्टर, आमची ही आणि आई.

वहिनी मला हळूच म्हणाल्या, "छान म्हणा हं. त्यांच्याबद्दल चारचौघांत कोणी चांगलं बोलणार, असं पहिल्यांदाच होतंय. सकाळपासून दोन वेळा दाढी केलीय त्यांनी."

मी व्यासपीठाखालच्या माईकसमोर जाऊन उभा राहिलो. हात रिकामे, मान ताठ.

"साहेब म्हणजे आमच्या विभागाचा आधारवड!"

टाळ्या! आता मनातल्या मनात खुंटी. एकच पंखा, तोही... मी वर पाहिलं. पंखा अख्ख्या दालनावर वारा घालत होता. साहेबांच्या डोक्यावर फक्त छत होतं. पुढचं वाक्य कुठे गेलं? आधारवड... आधारवड... वडाची पानं सळसळत होती, बाकी डोकं रिकामं!

"सौजन्याची मूर्ती," एक आवाज आला.

आवाज साहेबांचा होता! ते हळूच, ओठ न हलवता बोलले होते. पण त्यांच्या पुढ्यातला माईक चालू होता, आणि तो कोणाची भीड ठेवत नाही.

"साहेब सौजन्याची मूर्ती आहेत!" मी घाईनं म्हणालो आणि पुन्हा अडकलो.

"हाताखालच्या माणसांना," साहेबांनी सुचवलं.

"हाताखालच्या माणसांना त्यांनी... त्यांनी..."

"कुटुंबातलंच मानलं. चुकलेल्याला नेहमी..."

तेवढ्यात आपला आवाज भिंतींवरच्या स्पीकरमधून येतोय हे साहेबांच्या लक्षात आलं आणि ते गप्प झाले. दालनात कुजबुज सुरू झाली. टेबलफॅन पूर्ण वेगानं फिरू लागले.

"स्वतःच लिहिलंय!" डावीकडे. "एकाच बिल्डिंगमध्ये राहतात ना, वरून लिहून खाली पाठवलं!" उजवीकडे. "पाठ करून घेतलं बिचाऱ्याकडून!"

मोठे साहेब आमच्या साहेबांकडे वळून हसले. ते हसणं काही बरं नव्हतं.

"भाषण छान आहे. कोणी लिहिलं म्हणायचं? कारण ज्याचा मीटर त्यानं तपासायचा नसतो, असं तुम्हीच आम्हाला शिकवलं होतंत."

पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक खोटा आकडा पुढे जाऊ दिला नाही, त्याचं शेवटच्या दिवशी असं हसं! आणि तेही माझ्यामुळे!

"अहो, सांगा ना त्यांना!" वहिनी पुटपुटल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मला कळेना, नाही काय? काय सांगायचंय आणि सांगत का नाहीत? आणि त्याच क्षणी मागच्या रांगेत दातांच्या डॉक्टरांनी घसा खाकरला. ते खाकरणं मी ओळखलं! रोज सकाळी गुळण्यांनंतर येतं तेच! गुळण्या. डक्ट. नळ. सरकलेलं टेबल, हललेली मान, अर्धं बिस्किट, "आज अंघोळ नाही वाटतं झाली?"

सगळं एकदम माझ्या अंगावर कोसळलं. त्यांनी ऐकलं होतं. रोज! भाषणही आणि खुंट्याही! आणि आता स्वतःची बाजू मांडायची तर खुंट्या बाहेर येतील, माझी नोकरीत पंचाईत होईल, म्हणून हा माणूस चारचौघांत लबाड ठरायला तयार झाला होता.

मला रडू यायला लागलं. पाठ केलेलं तर काहीच उरलं नव्हतं, म्हणून मोठ्या साहेबांकडे वळून जे तोंडात आलं ते बोललो.

"साहेब, भाषण मी लिहिलंय! यांचा एका अक्षराचाही संबंध नाही. मी बाथरूममध्ये पाठ करतो. मोठ्यानं. डक्टमधून ते वर ऐकू जातं. त्यांना ऐकून ऐकून पाठ झालं असणार!"

दालन खदखदून हसलं. मोठे साहेबही हसले.

"डक्टमधून? अख्खं भाषण? आणि शब्द न् शब्द? अहो, सांभाळून घ्यायला जरा बरं कारण शोधा!"

"मी म्हणून दाखवते," मागून आवाज आला.

आई उभी होती.

"आई, नको!" मी माईकमधूनच ओरडलो.

"नको काय? माणसाच्या खरेपणावर शंका घेतली ना? मग ऐका. मला तर दाराबाहेर बसून पाठ झालंय."

"आई, मग निदान मधलं मधलं गाळून..."

आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेखाली शाळेच्या कितीतरी तुकड्या पाठ म्हणून गेल्या आहेत. तिनं हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"साहेब म्हणजे आमच्या विभागाचा आधारवड! वडाखाली सावली तरी मिळते! इथे एकच पंखा, तोही यांच्या डोक्यावर!"

दालन गार पडलं.

"साहेब सौजन्याची मूर्ती आहेत!"

"मूर्तीच!" दातांचे डॉक्टर न राहवून म्हणाले. "नमस्कार केला तर मानसुद्धा हलत नाही!"

मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या, त्यांच्या शेजारचे काका उठले. कुटुंबापाशी येईपर्यंत दोन्ही रांगा एका सुरात म्हणत होत्या. कपाटाचं दार, बिस्किटं, माझा उलटा लागलेला मीटर, काहीसुद्धा गळलं नाही! थांबायच्या ठिकाणी सगळे थांबत होते. व्यासपीठावर वहिनींचेही ओठ हलत होते. आमची ही डोक्याला हात लावून बसली होती, पण तीही म्हणत होती!

"त्यांच्या जाण्यानं फार मोठी पोकळी निर्माण होईल!" आई म्हणाली.

"होईलच!" दोन्ही रांगा गरजल्या. "पंख्याखाली!"

सगळ्या दालनानं एकदम वर पंख्याकडे पाहिलं. टेबलफॅनची मान मधोमध अडकली होती. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटत होतं. पण खाली फरशी होती, आणि ती चांगली पक्की बसवलेली होती.

"शंका फिटली ना?" आई मोठ्या साहेबांना म्हणाली आणि पदर सावरून बसली.

मोठे साहेब रुमालानं डोळे पुसत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं. "फिटली," ते कसेबसे म्हणाले. "असं भाषण कोणी स्वतःसाठी लिहून घेणार नाही!"

मग साहेब उठले. त्यांनी माईक पुढे ओढला. हातात कागद नव्हता, हे सांगायला नकोच.

"भाषणात जी मोठी मोठी वाक्यं आहेत, ती खरी नाहीत," ते म्हणाले. "मध्ये मध्ये जे येतं ते खरं आहे. पहिल्या दिवशी मी तोंडाला साबण लावून उभा होतो. ऐकलं आणि असा राग आला की साबण डोळ्यांत गेला. तसाच खाली येऊन दार वाजवणार होतो. मग वाटलं, इतकी वर्षं मी सगळ्यांचे मीटर तपासले. माझा कोणी तपासलाच नव्हता."

साहेबांनी माईक आणखी जवळ ओढला.

"मग टेबल सरकवलं. मान हलवायला शिकलो. अवघड गेलं, मानेला सवय नव्हती. रोज सकाळी कान लावून ऐकायचो, काही फरक पडतोय का. काल संध्याकाळी बिस्किटांपाशी हे अडखळले. पुन्हा म्हणायला गेले, पुन्हा अडखळले. फार बरं वाटलं मला. आज हे विसरले असं तुम्हाला वाटलं. मला माहीत आहे, हे का अडखळले ते. म्हणूनच राहवलं नाही, सुचवत गेलो."

ते खाली बसले. टाळ्या इतक्या वाजल्या की भिंतीवरच्या मीटरांनी त्याही मोजल्या असतील. वहिनींनी डोळ्यांना रुमाल लावला. मी मान खाली घालून व्यासपीठावर गेलो आणि नमस्कार केला, तर साहेबांनी पुढ्यातल्या बशीतलं बिस्किट उचललं, मोडलं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

घरी जाताना आईनं निकाल सांगितला. "म्हटलंस अगदीच वाईट. बोललास मात्र बरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये गेलो. म्हणायला काही नव्हतं. कितीतरी दिवसांनी मी मुकाट्यानं अंगाला साबण लावत होतो. तेवढ्यात डक्टमधून, वरून, भारदस्त आवाज आला.

"आमच्या दोन मजले खाली राहणारे गृहस्थ म्हणजे नम्रतेचा पुतळा!" मग थोडं थांबून, "पुतळाच! लिफ्टच्या दाराशी उभे राहिले की आत सरकायचं नाव नाही!"

माझ्या हातातून साबण सुटला.

"त्यांची स्मरणशक्ती अफाट आहे! अफाटच! फक्त मीटर सुलटा कसा लावायचा, तेवढं लक्षात राहत नाही!"

मी नळ पूर्ण सोडला. काही उपयोग झाला नाही. आता अनुभवानं सांगतो, नळाच्या आवाजात सगळं स्वच्छ ऐकू येतं! खालून गुळण्यांचा आवाज थांबला आणि दातांचे डॉक्टर ओरडले, "साहेब, पुन्हा एकदा! मधलं जरा निसटलं!"

दाराबाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई बसली होती.

"ऐकतोयस ना?" ती म्हणाली. "बघ, कसे स्वच्छ उच्चार आहेत! आणि कुठे थांबायचं ते कळतं त्यांना."

साहेबांना आता वेळच वेळ आहे. भाषण रोज वाढतं आहे आणि बिल्डिंगचं ते जवळजवळ पाठ होत आलं आहे. माझं तर पहिल्याच दिवशी झालं. पण ते मी इथे म्हणून दाखवणार नाही, कारण मला कोणी म्हणायला सांगितलेलं नाही. एवढंच सांगतो, हल्ली मी लिफ्टमध्ये अगदी आत सरकून उभा राहतो.